आयवरचं टिंब

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मध्यंतर वीस मिनिटांचं असतं. आपल्याकडे नाटकाच्या मध्यंतरात लोक बटाटेवड्याच्या रांगेत लागतात, तसे इथे हॉटडॉगच्या आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत लागतात. टीव्हीवर बघणाऱ्यांना तर या वेळात मैदान दिसतच नाही. स्टुडिओत टाय लावून बसलेले तीन-चार माजी खेळाडू पहिल्या अर्ध्या सामन्याचं पोस्टमॉर्टेम करत असतात, आणि मधूनमधून गाड्यांच्या जाहिराती. ओहायो राज्यातल्या कोलंबस गावात मात्र या वेळात हजारो माणसं जागा सोडत नाहीत. कारण ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड मैदानात यायचा असतो.

फोनवर हे सांगितलं तेव्हा नागपूरच्या मावशीचा पहिला प्रश्न होता, "बँड म्हणजे लग्नातला का रे?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पितळी वाद्यं, टोप्या, झगमगीत गणवेश, पुढे काठी फिरवणारा एक ऐटबाज गडी, हे सगळं तेच. दोघांचं मूळही एकच, पलटणीचा बँड. फरक इतकाच की इथे सव्वादोनशेच्या आसपास विद्यार्थी वाजवता वाजवता चालतात, आणि चालता चालता मैदानावर आकृत्या काढतात. तबला वाजवता वाजवता रांगोळी काढायची, आणि रांगोळीचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक चालता माणूस, अशी कल्पना करा.

मी कोलंबसला आलो २००३ साली, एम. एस. करायला. फुटबॉल मला आजही अर्धाच कळतो. बँड मात्र पहिल्याच वर्षी डोक्यात बसला, आणि त्याहून जास्त बसली बँडबद्दलची लोकांची मतं. इथल्या माणसाला राजकारणावर बोलायला संकोच वाटेल, पण मध्यंतरातला कार्यक्रम कसा झाला यावर तो पार्किंगमध्ये अनोळखी माणसाशीही वाद घालेल. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. साठच्या दशकात ते इथे विद्यार्थी होते आणि तेव्हापासून स्टेडियमवर जाताहेत. त्यांचं ठाम मत असं की बँड पूर्वीसारखा राहिलेला नाही. पूर्वीसारखा म्हणजे कधीसारखा, हे शोधायला म्हणून मी इतिहास वाचायला घेतला आणि त्यात बुडालोच.

या बँडची सुरुवात १८७८ सालची. विद्यापीठातल्या लष्करी शिक्षणासाठी बासऱ्या आणि ढोल एवढाच सरंजाम होता. मैदानावर आकृत्या काढायची कल्पना इथली नव्हे. त्याचा मान इलिनॉय आणि पर्ड्यू ही दोन विद्यापीठं आपापल्याकडे ओढतात आणि दोघंही १९०७ साल सांगतात. (तो वाद आपल्याला नको. आपल्याकडे एक वेगळा, जास्त चविष्ट वाद आहे, तो पुढे येतोच.) खरी गंमत सुरू होते ती युजीन वायगल या संचालकांपासून. १९२९ ते १९३८ अशी नऊ वर्षंच हा माणूस इथे होता. त्याने १९३४ साली क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असली लाकडी पट्टीची वाद्यं बँडमधून काढून टाकली आणि फक्त पितळी वाद्यं आणि ढोल ठेवले, इंग्लंडमधल्या ब्रास बँडसारखे. आज इथला कुठलाही चाहता "आमच्याकडे लाकडी वाद्यं नाहीत" हे असं सांगतो, जणू ब्रह्मदेवानेच तशी घटना लिहून दिली होती. त्या वेळी ज्यांच्या हातातली क्लॅरिनेट गेली असेल त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

मग आला १० ऑक्टोबर १९३६. पिट्सबर्गविरुद्धचा सामना. वायगलच्या बँडने मैदानावर 'ओहायो' हा शब्द लपेटीच्या अक्षरांत लिहिला. नुसता उभा राहून नाही, तर चालत लिहिला. आधी बँड 'ओ' अक्षराच्या गोल रांगा करून फिरतो. मग ड्रम मेजर, म्हणजे तो काठीवाला, त्यातून बाहेर पडतो आणि त्याच्यामागे एकेक वादक, आगगाडीच्या डब्यासारखा. कागदावर पेन न उचलता लिहावं तशी ही रांग सरकत जाते. अक्षरं जिथे स्वतःलाच छेदतात तिथे दोन रांगा न थांबता, न धडकता एकमेकींतून पार होतात. वाजत असतं एक फ्रेंच लष्करी गीत, रोबेर प्लांकेत याचं. सरतेशेवटी 'आय' अक्षरावर टिंब द्यायचं राहतं, तिथे एक सूझाफोनवाला जातो. सूझाफोन म्हणजे अंगाभोवती अजगरासारखं गुंडाळलेलं आणि डोक्यावर कर्ण्यासारखं उघडणारं ते अजस्र वाद्य. तो ऐटीत पावलं टाकत येतो, एक पाय उंच उडवतो, वळतो आणि टोपी काढून दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार करतो. तेव्हा होणारा आवाज लिहून सांगता येणार नाही. वन्समोअर मिळाल्यावर नाट्यगृहात होत असेल तो आवाज घ्या आणि एक लाख माणसांनी गुणा.

आता हे सगळं किती पवित्र मानलं जातं! टिंब द्यायचा मान बँडमध्ये चौथं किंवा पाचवं वर्ष असलेल्या सूझाफोनवाल्यालाच मिळतो. पोरं त्यासाठी चार-चार वर्षं वाट बघतात. बाहेरच्या फारच थोड्यांना तिथे उभं राहता आलं. विनोदी नट बॉब होप (१९७८), विद्यापीठाचे गाजलेले प्रशिक्षक वुडी हेस (१९८३), गोल्फपटू जॅक निकलॉस (२००६), अंतराळवीर जॉन ग्लेन (२००९) असल्या नावांची ती यादी. 'देशातला सर्वात भारी बँड' ही पदवी (मूळ शब्द जरा शिवराळ आहे) या हेससाहेबांनीच दिली असं सांगतात. बँडवाले ती पदवी इतक्या प्रेमाने वापरतात की तिची आद्याक्षरंच त्यांचं दुसरं नाव झाली आहेत.

आणि ही पवित्र गोष्ट घडली कशी? १९३६ साली टिंब द्यायला सूझाफोनवाला नव्हताच! एक साधा कॉर्नेटवाला होता. १९३७ साली वायगलने ऐन वेळी ग्लेन जॉन्सन या सूझाफोनवाल्याला बोट दाखवून तिथे पाठवलं. ती लाथ आणि तो नमस्कार आला १९३८ साली, तोही ठरवून नाही. ड्रम मेजर जागेवर लवकर पोचला, संगीत तर उरलं होतं, मग जॉन्सनने त्या मोकळ्या वेळात पाय उडवला, वळला आणि वाकला. लोकांना आवडलं. संपलं. पुढच्या सगळ्या पिढ्या त्या घाईची नक्कल करताहेत. हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ एकटाच हसत होतो.

थोडक्यात, यातला शेवटचा निर्णय संचालकाने नाही, गर्दीने केला. कार्यक्रम बसवतो कोणी, पण कुठली गोष्ट पुढच्या शनिवारी राहणार आणि कुठली विसरली जाणार हे स्टेडियमच ठरवतं.

इथेच तो चविष्ट वाद येतो. ओहायो स्टेटचं मिशिगनशी वैर किती, हे इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. 'एम' अक्षर उच्चारायचं नाही इथपर्यंत मजल. सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरच्या 'एम'वर लाल फुल्या मारलेल्या असतात. आणि नेमक्या या मिशिगनच्या बँडने १९३२ साली, म्हणजे चार वर्षं आधी, ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात यजमानांचा मान म्हणून लपेटीच्या अक्षरांत 'ओहायो' लिहिलं होतं. मिशिगनवाले म्हणतात, तुमची सगळ्यात लाडकी गोष्ट मुळात आमची. ओहायोवाले म्हणतात, तुम्ही अक्षरं मांडलीत, आम्ही ती लिहिली. फिरता 'ओ', सरकती रांग, टिंब, यातलं तुमच्याकडे काय होतं? वायगलला कल्पना सुचली ती जत्रेत विमानांनी आकाशात लिहिलेली धुराची अक्षरं आणि कोलंबसच्या ओहायो थिएटरवरची पाटी बघून, असं इकडे सांगतात. माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. आधी मिशिगनने लिहिलं यात शंका नको. पण प्रेक्षक उभे राहतात ते शब्दासाठी नाहीत, शब्द पुरा होताना बघण्यासाठी आहेत, आणि ते होणं १९३६ चं आहे. (हे मी आजोबांसमोर मोठ्याने बोललेलो नाही. पहिलं अर्धं वाक्य ऐकूनच त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.)

आजोबांच्या "पूर्वीसारखा"कडे वळतो. त्यांचं सर्वात आवडतं गाणं 'हँग ऑन स्लूपी'. १९६५ साली मॅककॉइज या पोरसवदा मंडळींच्या बँडने हे गाणं गाजवलं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. जॉन टॅटगेनहॉर्स्ट या तरुणाने ते मार्चिंग बँडसाठी बसवलं आणि तेव्हाच्या संचालकांच्या मागे लागून ते वाजवायला लावलं. रेडिओवरचं उडतं गाणं असल्या शिस्तीच्या बँडने वाजवावं का, ही शंका संचालकांना होतीच. ९ ऑक्टोबर १९६५ ला इलिनॉयविरुद्ध ते पहिल्यांदा वाजलं आणि मग थांबलंच नाही. पुढे कधीतरी लोकांनी त्यातल्या मोकळ्या ठोक्यांवर हात वर करून ओ-एच-आय-ओ अशी आरोळी घालायला सुरुवात केली. ते कुणी बसवलेलं नाही. १९८५ साली तर राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून हे ओहायोचं अधिकृत रॉक गाणं करून टाकलं. म्हणजे आजोबा ज्याला आज परंपरा म्हणतात, ते त्यांच्या तरुणपणी नवं फॅड होतं. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "हो, पण ते चांगलं फॅड होतं." यावर काय बोलणार?

सामना संपला की खेळाडू बँडजवळ येऊन विद्यापीठाचं गीत गातात, तेही लोकांना शंभर वर्षांचं वाटतं. गीत जुनं आहे, पण ही प्रथा २००१ सालची, प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी सुरू केलेली. मुलींना बँडमध्ये प्रवेश मिळाला तो १९७३ साली, आदल्या वर्षीच्या टायटल नाइन कायद्यानंतर. आज मुलींशिवायचा बँड डोळ्यांसमोर आणून बघा. नाही येत.

खरी फाटाफूट मी स्वतः पाहिली ती ६ ऑक्टोबर २०१२ नंतर. नेब्रास्काविरुद्धच्या रात्रीच्या सामन्यात संचालक जॉन वॉटर्स यांच्या बँडने व्हिडिओ गेम्सवर कार्यक्रम केला. टेट्रिसचे ठोकळे, पॅकमन, आणि एक माणसांनी बनलेला घोडा, जो चारी पाय टाकत मैदानावर दौडला. यूट्यूबवर तो कोट्यवधींनी पाहिला. त्यात ओहायो हे नाव धड न ऐकलेले माझे पुण्याचे दोन मावसभाऊही होते. पुढच्या वर्षी कागदी नकाशे जाऊन पोरांच्या हातात आयपॅड आले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मैदानावर मायकल जॅक्सनची आकृती मूनवॉक करत मागे सरकली. आठवड्याभरात सिनेमांवरचा कार्यक्रम, त्यात डायनासोर, हॅरी पॉटर, सुपरमॅन.

आम्ही पोरंटोरं खूश. आजोबा नाखूश. त्यांचं म्हणणं असं की घोडा दौडवायचा तर वादकांना पळावं लागतं, आणि पळणाऱ्याला फुंकायला दम कुठून येणार? चित्रं बघायला सिनेमा आहे, बँड ऐकायला असतो. मी हे म्हातारपणाचं कुरकुरणं समजत होतो, पण एकदा खालच्या, मैदानाजवळच्या रांगेत बसायचा योग आला तेव्हा त्यांचं कळलं. तिथून घोडा दिसतच नाही हो! दिसतात नुसत्या टोप्या आणि इकडून तिकडे धावणारी घामाघूम पोरं. चित्र पुरं दिसतं ते वरच्या स्वस्त मजल्यावरून किंवा कॅमेऱ्यातून. 'ओहायो'ही खालून वाचता येत नाही म्हणा, आणि समोरच्या बाजूला बसलेल्यांना तर ते उलटंच दिसतं. पण ते वाचायची गरजच नसते, सगळ्यांना पाठ असतं. नवं चित्र पाठ नसतं. तेव्हा भांडण जुनं-नवं असं नाहीच मुळी. स्टेडियममध्ये आलेल्याने बघायचं की घरी बसलेल्याने, हे भांडण आहे. टीव्हीवाल्यांनी मध्यंतरातून बँड हाकलला, आणि यूट्यूबने तो परत आणला, पण वरून बघणाऱ्यांसाठी.

इथपर्यंत सगळं गोडच आहे. पुढचं लिहावं की नाही असा विचार दोन दिवस केला.

फ्लोरिडातल्या फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाचा 'मार्चिंग १००' हा बँड. १९४६ साली विल्यम फॉस्टर यांनी तो हाती घेतला आणि दक्षिणेतल्या बँडचं सगळं वळणच बदललं. नाच, लय, वेग, सगळं. १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसमध्ये अमेरिकेतर्फे हाच बँड होता. तिथे मध्यंतरात कोणी खायला उठत नाही. सामना सुरू झाला की उठतात. १९ नोव्हेंबर २०११ ला ओरलँडोमध्ये सामन्यानंतर या बँडचा ड्रम मेजर रॉबर्ट चँपियन, वय २६, बँडच्या बसमध्ये आपल्याच सोबत्यांच्या मारहाणीने गेला. दीक्षा म्हणून मार खायचा, अशी तिथली 'परंपरा' होती. बँड २०१३ पर्यंत बंद राहिला. त्या संध्याकाळी टाळ्या वाजवणाऱ्या हजारोंना यातलं काय माहीत होतं?

आमच्या कोलंबसला असं भयंकर काही झालं नाही. पण २४ जुलै २०१४ ला विद्यापीठाने वॉटर्स यांना काढलं. एका पालकाच्या तक्रारीवरून चौकशी झाली होती. बँडमध्ये लैंगिक चेष्टेचं वातावरण वर्षानुवर्षं आहे, नवख्यांना अश्लील टोपणनावं देतात, मध्यरात्री अंतर्वस्त्रांवर स्टेडियममध्ये मार्च करायला लावतात, आणि संचालकांनी हे पुरेसं थांबवलं नाही, असं अहवालात होतं. गाव उभं दुभंगलं. माजी वादकांची संघटना वॉटर्स यांच्या बाजूने उभी राहिली. हे सगळं त्यांच्या आधीपासूनचं होतं, उलट ते सुधारत होते, त्यांचा बळी दिला, असं म्हणणारे खूप होते. दुसरे म्हणत, आधीपासूनचं होतं हाच तर मुद्दा. वॉटर्स कोर्टात गेले, पण निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दर दुसरा माणूस यावर बोलत होता, आणि मला जाणवलं ते हे की "कार्यक्रम आता तसे होणार नाहीत" ही हळहळ "पोरांचं काय झालं" याच्या आधी तोंडातून येत होती. माझ्याही आली असती. आजोबांना मी विचारलं. जुन्याचा अभिमानी माणूस, मला वाटलं माजी वादकांची बाजू घेईल. ते बराच वेळ गवत कापायच्या यंत्राशी खटपट करत राहिले आणि म्हणाले, "आमच्या काळीही असलं होतं. आम्ही वरून बघत होतो, वरून फक्त अक्षरं दिसतात." मग यंत्र सुरू केलं. पुढे काही बोलणं शक्यच नव्हतं.

त्या वर्षीही बँड मैदानावर आला, टिंब दिलं गेलं, लोक उभे राहिले. (टीमने तर राष्ट्रीय अजिंक्यपदच मारलं.) ऑक्टोबर २०१५ मध्ये बँड लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर वाजवून आला, वायगलने इंग्रजांकडून उचललेली पितळी पद्धत इंग्रजांनाच ऐकवून आला म्हणा ना. २०१६ पासून क्रिस्टोफर होक संचालक झाले. चित्रं अजूनही हलतात. २०२० च्या मोसमात कोरोनामुळे स्टेडियममध्ये ना गर्दी होती ना बँड, तेव्हा टीव्हीवर त्या रिकाम्या मैदानाकडे बघवत नव्हतं.

दरवर्षी एका सामन्याला जुने वादकही येतात. सत्तरीची माणसं, गुडघे कुरकुरताहेत, पोटावर शर्ट ताणलेला, आणि पोरांबरोबर तेही लिहितात. एकदा चार 'ओहायो' एकाच वेळी मैदानावर लिहिलेले मी पाहिले. म्हाताऱ्यांच्या रांगा जरा वाकड्या होत्या. माझ्या बाजूची एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, "ते बघ, तिसऱ्यात आजोबा." पोराने विचारलं, "कुठला?" ती म्हणाली, "आत्ता हरवले, थांब, आयच्या दांडीत येतील."

ता. क. मिशिगनला शिकलेले आमचे एक चुलत मेहुणे हे वाचून १९३२ बद्दल तावातावाने फोन करणार आहेत. दाजी, रविवारी सकाळी करा. शनिवारी मी उचलणार नाही.